विमानी मैल आणि मोकळी शिदोरी

प्रवासास निघणाऱ्यानें शिदोरी बरोबर घ्यावी, हा महाराष्ट्रांतील घरांचा जुना संकेत आहे. परंतु फडक्यांत बांधलेल्या दशम्या ही अर्धीच शिदोरी होय. उरलेली अर्धी पैशाची. आणि ती सांभाळणें दशम्यांपेक्षां फार कठीण. रोकड जड असते, वाटेंत लुटली जाते, आणि परक्या मुलखांत तिला कोणी ओळखत नाहीं. म्हणून फार पूर्वींपासून प्रवाशानें नाण्याऐवजीं कोणाचें तरी वचन बरोबर नेलें. हें वचन कधीं हुंडीच्या रूपानें आलें, कधीं पतपत्राच्या, तर कधीं प्रवासी चेकाच्या. गेल्या चार-साडेचार दशकांत त्यानें आणखी एक रूप घेतलें आहे. विमान कंपनीनें प्रवाशाच्या खात्यावर लिहिलेले मैल आणि बँकेनें क्रेडिट कार्डाच्या खात्यावर लिहिलेले पॉइंट, हें तें नवें रूप होय.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत या दोहोंविषयीं एक प्रश्न वारंवार निघतो. वर्षाकाठीं जो खर्च कार्डानें व्हावयाचाच आहे, त्यावर मिळणारें बक्षीस एखाद्या ठराविक विमान कंपनीच्या मैलांत घ्यावें, कीं पुढें हव्या त्या कंपनीकडे वळवितां येतील अशा मोकळ्या पॉइंटांत घ्यावें? मुलगी शिकावयास परदेशीं गेली आहे, आईवडिलांना तिला भेटावयास जावयाचें आहे, आणि तिकिटाचा मोठा भाग या सांठलेल्या बक्षिसांतून निघावा अशी आशा आहे; अशा घरांत हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाहीं. जाहिराती वाचून त्याचें उत्तर मिळत नाहीं. तें इतिहास पाहून मिळतें, आणि हा इतिहास विमानांहून जुना आहे.

आरंभ हुंडीपासून करावा. एका गांवच्या सराफानें दुसऱ्या गांवच्या आपल्या आडत्यावर लिहिलेली ती चिठ्ठी. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या दिवसांनंतर मिळत. शहाजोग हुंडीचे पैसे प्रतिष्ठित असामीच्याच हातीं पडत. व्यापारी तिच्या आधारानें माल आणीत, यात्रेकरू तिच्या भरंवशावर दूरचीं क्षेत्रें गांठीत. हुंडीची किंमत कागदांत नसे. ती लिहिणाऱ्या पेढीच्या अब्रूंत असे. परंतु पेढी कितीही अब्रूदार असली तरी हुंडीला एक मर्यादा होती. काशीच्या पेढीवर लिहिलेली हुंडी काशींतच सकारली जाई. वाटेंत बेत बदलला तर ती दुसऱ्या कोणास तरी विकावी लागे, आणि विकतांना बट्टा सोसावा लागे.

युरोपांतील पतपत्राची गोष्ट याहून फारशी निराळी नव्हती. लंडनचा सावकार पॅरिसच्या एखाद्या सावकारास पत्र लिहून देई, आणि तें पत्र ज्याच्या नांवें असे त्याच्याच दारीं प्रवाशास जावें लागे. ही अडचण रॉबर्ट हेरीज या स्कॉटिश सावकारानें ओळखली. त्याच्या लंडनमधील संस्थेनें १७७२ सालीं सर्क्युलर नोट, म्हणजे फिरती नोट, काढली. ही नोट एका सावकाराच्या नांवें नव्हती. युरोपांतील सुमारें नव्वद शहरांतील प्रतिनिधींपैकीं कोणाकडेही ती वटवितां येत असे. प्रवाशाला आतां आपला मार्ग आधीं ठरवावा लागत नव्हता. वचन देणारा एक आणि तें पाळणारे अनेक, ही कल्पना येथें रुजली. पुढील सर्व कथेचें सूत्र तेंच आहे.

एकोणिसाव्या शतकांत रेल्वे व आगबोटी आल्या आणि सामान्य ऐपतीचा माणूसही प्रवासास निघूं लागला. थॉमस कुक याच्या पेढीनें प्रथम हॉटेलांचीं कूपनें काढलीं व १८७४ सालीं स्वतःची फिरती नोट काढली. १८८१ सालीं त्याच पेढीची कचेरी मुंबईंत उघडली. अमेरिकेंत हें काम अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीनें केलें. तिचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपच्या प्रवासास गेले असतां मोठीं शहरें सोडल्यावर त्यांच्या पतपत्रास कोणी विचारीना. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाची ही अवस्था, तर सामान्य प्रवाशाचें काय? ते परतल्यावर मार्सेलस बेरी या अधिकाऱ्यानें १८९१ सालीं प्रवासी चेक तयार केला. विकत घेतांना एक सही आणि वटवितांना दुसरी. दोन्ही जुळल्या कीं पैसे हातांत. पहिल्या वर्षीं अवघे ९,१२० डॉलरचे चेक खपले. परंतु १९१४ च्या ऑगस्ट महिन्यांत महायुद्ध पेटलें, युरोपांतील बँकांनीं दारें लावून घेतलीं, आणि हजारों अमेरिकन प्रवासी परक्या भूमीवर अडकून पडले. तेव्हां अमेरिकन एक्स्प्रेसच्या कचेऱ्यांनीं चेक वटविणें चालूं ठेवलें. अनेक ठिकाणीं चालणाऱ्या वचनाची खरी किंमत त्या दिवसांत लोकांस कळली.

येथवर ज्या वचनांचा विचार झाला तीं प्रवाशानें पैसे भरून विकत घेतलेलीं होतीं. बक्षीस म्हणून मिळणारें वचन हें दुसऱ्या घराण्यांतलें. त्याचा मूळपुरुष शोधावयाचा तर वाण्याच्या दुकानांत जावें लागतें. १८९६ सालीं अमेरिकेंत स्पेरी अँड हचिन्सन नांवाच्या कंपनीनें हिरवीं तिकिटें काढलीं. दुकानदार तीं कंपनीकडून घाऊक विकत घेई आणि गिऱ्हाइकास खरेदीच्या प्रमाणांत फुकट देई. गृहिणी तीं चिकटवहींत चिकटवी. वही भरली कीं कंपनीच्या भांडारांतून दिवा, किटली किंवा पांघरूण मिळे. या योजनेंतील खुबी अशी कीं वाण्याकडचीं, कपडेवाल्याकडचीं व पेट्रोल पंपावरचीं तिकिटें एकाच वहींत चिकटत. एखादा वाणी आवडेनासा झाला तर गृहिणी दुसऱ्याकडे जाई. वही मात्र तिचीच राही. १९७० नंतरच्या दशकांत महागाईच्या तडाख्यांत या तिकिटांचा व्यापार ओसरला, पण त्यांनीं शिकविलेला धडा वाया गेला नाहीं. घाऊक विकत घेतलेलें बक्षीस किरकोळींत फुकट वाटावयाचें, हीच पद्धत पुढें बँकांनीं उचलली.

विमान कंपन्यांना मात्र बरेच दिवस या पद्धतीची गरज पडली नाहीं. १९३८ सालापासून अमेरिकेंतील विमान प्रवासाचे मार्ग व भाडीं सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडें सर्वत्र सारखें, तेव्हां कंपन्यांची चढाओढ चालावयाची ती जेवणांत, आसनांत व आतिथ्यांत. २४ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं निर्बंध उठविणाऱ्या कायद्यावर सही केली आणि हें चित्र पालटलें. नव्या कंपन्या आल्या, भाडीं कोसळलीं, आणि कालपर्यंतचा ठराविक प्रवासी आज चार डॉलर कमी घेणाऱ्याकडे जाऊं लागला. त्याला बांधून ठेवावें कसें, हा प्रश्न जुन्या कंपन्यांपुढें उभा राहिला.

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीजवळ आरक्षणासाठीं बांधलेली सेबर नांवाची संगणक व्यवस्था होती. तिच्यांतील नोंदी चाळून वारंवार येणारे दूरध्वनी क्रमांक निवडण्यांत आले आणि नित्याचे प्रवासी कोण हें ठरविण्यांत आलें. १ मे १९८१ रोजीं त्यांच्यासाठीं ॲडव्हांटेज ही योजना जाहीर झाली. जितके मैल उडावें तितके मैल खात्यावर लिहिले जात, आणि पुरेसे सांठल्यावर फुकट तिकीट मिळे. युनायटेड कंपनीनें आठवड्याभरांतच आपली योजना पुढें केली, आणि इतर कंपन्याही मागोमाग आल्या. कल्पना साधी होती. उडणाऱ्या विमानांत रिकामें राहिलेलें आसन कंपनीस कांहींच मिळवून देत नाहीं. तें निष्ठावंत प्रवाशास दिलें तर कंपनीचा खर्च थोडा आणि प्रवाशाचा आनंद मोठा. त्या काळचा मैल हा खरोखरच मैल होता. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या प्रवाशानें मोजावा तसा तो अंतर मोजीत असे.

परंतु लवकरच या मैलाला पाय फुटले. क्रेडिट कार्डाचा धंदा त्याच सुमारास भरभराटीस आला होता. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें डायनर्स क्लबचें कार्ड निघालें होतें. १९५८ सालीं बँक ऑफ अमेरिकेनें आपलें कार्ड कॅलिफोर्नियांत वाटलें. भारतांत १९८० सालीं सेंट्रल बँक ऑफ इंडियानें स्वतःचें कार्ड काढलें. १९८७ सालीं अमेरिकेंत सिटीबँकेनें अमेरिकन एअरलाइन्सशीं करार केला आणि कार्डावर खर्च होणाऱ्या प्रत्येक डॉलरमागें एक मैल देण्यास आरंभ केला. आतां मैल मिळविण्यास विमानांत बसण्याची गरज राहिली नाहीं. किराणा भरला, दाढीचें सामान घेतलें, दंतवैद्याचें बिल दिलें, कीं मैल वाढत. बँक ते मैल विमान कंपनीकडून घाऊक विकत घेई, वाण्यानें हिरवीं तिकिटें घ्यावींत तसे. कंपनीचा व्यवसाय विमानें उडविण्याचा राहिला खरा, पण तिच्या घरांत एक टांकसाळही सुरूं झाली.

टांकसाळ म्हटली म्हणजे नाण्याचा कस कोण राखतो हा प्रश्न येतोच. राजाच्या टांकसाळींत नाणें हिणकस होऊं लागलें तर सराफ कसोटीवर घांसून बट्टा ठरवीत. विमानी मैलांस अशी कसोटी नाहीं. मैल पाडणारी कंपनीच त्यांचा भाव ठरविते, तोच बदलते, आणि ते मैल ज्यांत खर्च करावयाचे त्या आसनांचीही मालक तीच असते. १९८८ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें योजनेच्या अटी बदलल्या. कांहीं दिवस फुकट तिकिटांस वर्ज्य ठरले, प्रत्येक विमानांत अशा आसनांची संख्या मर्यादित झाली, आणि हे नियम आधीं सांठविलेल्या मैलांनाही लागूं करण्यांत आले. सभासद न्यायालयांत गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोंचलें, आणि १९९५ सालीं निकाल लागला कीं, राज्यांच्या ग्राहक संरक्षण कायद्यांखालीं या तक्रारी चालवितां येणार नाहींत. फक्त करारभंगाचा दावा मात्र करतां येईल. म्हणजे कंपनीनें स्वतः लिहिलेल्या करारांत जें असेल तेंच प्रवाशाचें संरक्षण. आणि त्या करारांत अटी बदलण्याचा हक्क कंपनी आधींच स्वतःकडे राखून ठेवते!

त्याच १९९५ सालीं याच कंपनीनें देशांतर्गत फुकट तिकिटाचा दर २०,००० मैलांवरून २५,००० मैलांवर नेला. ज्या गृहस्थानें डॉलरमागें एक मैल या हिशेबानें नेमके वीस हजार जमविले होते, त्याला त्याच तिकिटासाठीं आणखी पांच हजार डॉलरचा खर्च करणें भाग आलें. त्याच्या खात्यावरील आंकडा एकानेंही कमी झाला नव्हता. तरी त्याच्या सांठ्याचा पांचवा भाग नाहींसा झाला होता. रोकड चोरीस गेली तर माणूस आरडाओरडा करतो. ही चोरी म्हणतां येत नाहीं, कारण अटींच्या कागदावर त्याचीच संमति असते.

पुढील वीस वर्षांत मैलाचा मूळ अर्थही गेला. डेल्टा व युनायटेड या कंपन्यांनीं २०१५ सालीं, आणि अमेरिकननें २०१६ सालीं, उडालेल्या अंतरावर मैल देणें थांबवून भरलेल्या भाड्यावर देण्यास आरंभ केला. डेल्टानें २०१५ मध्यें आणि युनायटेडनें २०१९ मध्यें फुकट तिकिटांचीं ठरीव कोष्टकें काढून टाकलीं. पूर्वीं कोष्टकावर बोट ठेवून अमुक गांवास अमुक मैल असें सांगतां येई. आतां त्या दिवशीं, त्या घटकेस, पडद्यावर जो आंकडा येईल तोच भाव. २०१४ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें नॉर्थवेस्ट कंपनीच्या बाजूनें निर्णय दिला. एका धर्मगुरूचें सभासदत्व कंपनीनें आपल्या एकट्याच्या विवेकानुसार रद्द केलें होतें, आणि सद्भावनेच्या सर्वसामान्य तत्त्वावर आधारलेली त्यांची तक्रार टिकली नाहीं. निष्ठा हा शब्द योजनेच्या नांवांत असला तरी तो प्रवाशाच्या बाजूनेंच पाळावयाचा आहे, हें यावरून स्पष्ट झालें.

भाव उतरणें हें एक संकट. पेढीच बुडणें हें त्याहून मोठें. ऑस्ट्रेलियांत १९३६ सालीं निघालेली अन्सेट ही विमान कंपनी १४ सप्टेंबर २००१ रोजीं कोसळली. तिचीं कांहीं विमानें पुढें थोडे महिने उडालीं आणि मार्च २००२ मध्यें तीही थांबलीं. तिच्या ग्लोबल रिवॉर्ड्स योजनेंत अनेक कुटुंबांनीं वर्षानुवर्षें सांठविलेले पॉइंट कवडीमोल झाले. भारतांत किंगफिशर कंपनीचा परवाना ऑक्टोबर २०१२ मध्यें स्थगित झाला आणि तिच्या किंग क्लब योजनेंतले मैल विमानांबरोबरच जमिनीवर बसले. ज्यांनीं ते खर्च केले होते ते सुटले. ज्यांनीं मोठ्या प्रवासासाठीं जपून ठेवले होते ते फसले. काटकसरी माणसास शिक्षा आणि उधळ्यास बक्षीस, असा उलटा न्याय येथें झाला.

जेट एअरवेजची कथा या दृष्टीनें मनन करण्याजोगी आहे. ती कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजीं बंद पडली, पण जेटप्रिव्हिलेज ही तिची मैलांची योजना २०१४ सालापासून निराळ्या कंपनीकडे होती, आणि त्या कंपनींत अबुधाबीच्या एतिहाद या विमान कंपनीचा निम्म्याहून किंचित् अधिक भाग होता. म्हणून जेटचीं विमानें थांबलीं तरी मैल एकदम मेले नाहींत. त्याच वर्षाच्या शेवटीं योजनेनें इंटरमाइल्स हें नांव घेतलें आणि सभासदांना दुसरीकडे ते खर्च करतां आले. थैली विमानाच्या पोटांत नव्हती, म्हणून ती वांचली. एखादी कंपनी बुडण्याऐवजीं दुसरींत विलीन झाली तर मैल बहुधा टिकतात, हेंही खरें. २००१ सालीं अमेरिकेंत टीडब्ल्यूएचे मैल अमेरिकन एअरलाइन्समध्यें गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें विस्तारा एअर इंडियांत मिळाली तेव्हां तिच्या सभासदांचे पॉइंटही तिकडे गेले. परंतु कोणती कंपनी बुडेल आणि कोणती विकली जाईल, हें घरगुती हिशेबाच्या वहींत कोणालाच मांडतां येत नाहीं.

या पार्श्वभूमीवर मोकळ्या पॉइंटांचा उदय पाहिला पाहिजे. १९८४ सालीं डायनर्स क्लबनें आपल्या कार्डधारकांसाठीं बक्षिसांची योजना काढली. १९९१ सालीं अमेरिकन एक्स्प्रेसनें मेंबरशिप माइल्स ही योजना सुरूं केली. १९९५ सालीं तिचें नांव मेंबरशिप रिवॉर्ड्स झालें. प्रवासी चेक काढणाऱ्या कंपनीनेंच हा मार्ग चोखाळावा, हा योगायोग म्हणावा कीं घराण्याचा गुण? योजनेचें तत्त्व १७७२ सालच्या फिरत्या नोटेचेंच होतें. कार्डधारकाचा सांठा बँकेच्या खात्यांत, कोणत्याही विमान कंपनीच्या नांवावर न चढतां, पडून राहील. प्रवास ठरला, आसन दिसलें, कीं तो त्या कंपनीच्या मैलांत बदलून घ्यावयाचा. २००९ सालीं चेस बँकेनें आणि २०१८ च्या अखेरीस कॅपिटल वन या बँकेनें तोच मार्ग धरला. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेसारख्या कांहीं योजना तर अनेक बँकांचे पॉइंट स्वीकारतात, आणि भारतांतील बँकांचीही त्यांत गणना आहे.

विमान कंपन्यांनींही आपले मैल थोडेफार मोकळे केले, हें विसरतां येत नाहीं. १९९७ सालीं स्टार अलायन्स, १९९९ सालीं वनवर्ल्ड आणि २००० सालीं स्कायटीम असे तीन संघ स्थापन झाले. एका कंपनीचे मैल संघांतील दुसऱ्या कंपनीच्या विमानांत चालूं लागले. तथापि मूळ मैलांचा भाव पाडणाऱ्या कंपनीच्याच हातीं राहिला. संघामुळें जाण्याचीं गांवें वाढलीं. टांकसाळ मात्र एकच.

या मैलांची खरी किंमत किती, हें प्रवाशास ठाऊक नसलें तरी कंपन्यांस चांगलें ठाऊक होतें. २०२० सालीं महामारीमुळें विमानतळ ओस पडले, तेव्हां विमानें गहाण ठेवून पुरेसें कर्ज मिळेना. मग मैलांच्या योजनाच तारण म्हणून पुढें आल्या. युनायटेडनें ६८० कोटी डॉलर, डेल्टानें ९०० कोटी डॉलर, आणि २०२१ च्या मार्चमध्यें अमेरिकननें १,००० कोटी डॉलर अशा रीतीनें उभे केले. विमानें रिकामीं उभीं होतीं, तरी घरोघरीं कार्डें चालूं होतीं आणि बँका मैल विकत घेत होत्या. ज्या वस्तूस प्रवासी नुसतें बक्षीस समजत होता ती कंपनीची सर्वांत पक्की मिळकत ठरली. सप्टेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या वाहतूक खात्यानें चार मोठ्या कंपन्यांकडून या योजनांविषयीं माहिती मागविली, ती उगीच नव्हे.

म्हणून मोकळे पॉइंट सर्वथैव निर्दोष आहेत असें मानणें भोळेपणाचें होईल. बँक हीसुद्धां एक टांकसाळच. २०२३ सालीं भारतांतील एका मोठ्या खासगी बँकेनें आपल्या एका महागड्या कार्डाचें प्रमाण बदललें. पूर्वीं पांच पॉइंटांचे चार मैल होत. सप्टेंबरपासून पांचाचे दोन होऊं लागले. एका फटक्यांत सांठा निम्मा झाला. दुसरें असें कीं, पॉइंटांचे मैल एकदां केले म्हणजे ते परत पॉइंट होत नाहींत. नदी समुद्रास मिळाल्यावर परत फिरत नाहीं, तसा हा प्रवाह एकाच दिशेचा. फुकट म्हणविणाऱ्या तिकिटावरही कर व अधिभार रोख भरावे लागतात, आणि कांहीं कंपन्यांचे अधिभार इतके भारी असतात कीं, चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला ही म्हण आठवावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हें बक्षीस कोठून येतें? दुकानदार प्रत्येक कार्डी व्यवहारावर बँकांना शुल्क देतो आणि तें मालाच्या किंमतींत मिळवितो. त्या शुल्काचा एक अंश पॉइंट होऊन परत येतो. युरोपीय संघानें २०१५ सालीं क्रेडिट कार्डांवर बँकांमधील शुल्काची मर्यादा शेंकडा ०.३ ठरविली, आणि तेथील बक्षिसें साहजिकच रोडावलीं. याशिवाय जो गृहस्थ महिनाअखेर संपूर्ण बिल फेडीत नाहीं, त्याला भारतांत बाकीवर दरमहा शेंकडा तीन ते पावणेचार व्याज पडतें. वर्षाला शेंकडा चाळीसच्या घरांत जाणाऱ्या या व्याजापुढें शेंकडा एकदोन बक्षिसाची मातब्बरी काय? अशा घरीं मैल कीं पॉइंट हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें.

ही अट पाळणाऱ्या कुटुंबापुढें मात्र निवड खरीखुरी असते, आणि इतिहासाचा कौल बहुतेकांच्या बाबतींत मोकळ्या पॉइंटांकडे झुकतो. अपवाद आहे. जो माणूस एकाच कंपनीनें महिन्यांतून चारदां उडतो, ज्याच्या गांवच्या विमानतळावर एकाच कंपनीचें राज्य आहे, किंवा ज्याला त्या कंपनीच्या वरच्या दर्जाच्या सभासदत्वामुळें आसन, सामान व विश्रांतिगृह यांचा लाभ रोजच्या रोज होतो, त्यानें त्या कंपनीचे मैल जमवावे. त्याच्या दृष्टीनें ती काशीचीच हुंडी आहे आणि त्याला काशीसच जावयाचें आहे. पण वर्षादोनवर्षांतून एकदां लांबचा प्रवास करणाऱ्या कुटुंबाला आज कोठें जावें लागेल हें ठाऊक नसतें. मुलगी आज बोस्टनला शिकते. उद्यां तिला नोकरी सिडनींत लागेल. ज्या कंपनीचे मैल दहा वर्षें जमविले तिचें विमान तिकडे जात नसलें, तर बट्टा देऊनही ते विकतां येत नाहींत. जुन्या हुंडीपेक्षां ही स्थिति वाईट.

मोकळा सांठा बाळगणारानेंही दोन नियम पाळले म्हणजे बराच धोका टळतो. आसन प्रत्यक्ष दिसल्यावांचून पॉइंटांचे मैल करूं नयेत. आणि पॉइंट हें धन समजून पिढ्यान्‌पिढ्या पुरून ठेवूं नये. सोनें पुरून ठेवलें तर तें सोनेंच राहतें. वचन पुरून ठेवलें तर तें झिजतें, कारण तें देणाऱ्याच्या इच्छेवर जगतें. अन्सेट व किंगफिशर यांच्या सभासदांनीं हा धडा मोठी किंमत देऊन घेतला.

हेरीजच्या नोटेस अडीचशें वर्षें उलटलीं. घोडागाड्या गेल्या, आगबोटी गेल्या, प्रवासी चेकही बहुतेक दिसेनासे झाले. परंतु त्या नोटेनें विचारलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे: बरोबर नेलेलें वचन एकाच दारीं चालतें कीं अनेक दारीं? शहाण्या प्रवाशानें शिदोरी बांधतांना गांठ अशी मारावी कीं, ती जेथें भूक लागेल तेथें सोडतां येईल. निष्ठा माणसांशीं ठेवावी. मुलीला भेटावयास निघालेल्या आईवडिलांची निष्ठा त्या मुलीशीं असते. विमान कोणाचें, हा त्यानंतरचा विचार.